मालवणला गेलेली तार

पाऱ्याच्या नळीवर बोटाच्या पेरानं दोनदा हलकेच टकटक करायची, मग एक डोळा मिटून बघायचं, आणि बघून झाल्यावर लगेच न लिहिता पुन्हा एकदा बघायचं. मास्तरांचा सकाळी आठचा हा नेम. टकटक कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पारा नळीला चिकटून बसतो, त्याला जागं करावं लागतं.

ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि जोडीला हवामान खात्यासाठी सोलापूरच्या नोंदी ठेवायचे. मी तेव्हाही इथल्याच तार ऑफिसात होतो. साडेआठच्या आत ते खिडकीशी येत, आकड्यांचे गट लिहिलेला कागद सरकवत आणि मी तो पुण्याला पाठवत असे. सोलापूरचं ऊन, वारा, ढग, सगळं त्या आकड्यांत. आठ वर्षांत त्या कागदावर खाडाखोड म्हणून मी पाहिली नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या नेटकेपणाचा आपल्याला कंटाळाही येतो आणि आधारही वाटतो.

त्यांच्या घरामागं मोकळ्या जागेत चार पायांवर झडपांची एक पांढरी पेटी उभी होती. आत उष्णता मोजायच्या नळ्या. गल्लीतल्या बायकांनी हे कुठलं तरी देवस्थानच असणार असं ठरवून टाकलं होतं, त्यामुळं दर मंगळवारी पेटीच्या पायाशी हळदकुंकू पडायचं. मास्तर ते पुसून टाकत, पण कुणाला बोलत नसत. शेजारच्या रंगारी चाचाला देवाचं काही नव्हतं. तो सुताच्या लडी रंगवून वाळत घालायचा, त्याला उद्याचं ऊन हवं असायचं.

“मास्तर, उद्या सूत वाळंल का न्हाय, तेवढं सांगा की.”

“चाचा, मी झालेलं लिहितो. होणारं लिहीत नाही.”

मग ह्या पेटीचा उपेग तरी काय, असं चाचा मला विचारायचा.

होणारं सांगायचं नाही, हा नियम मास्तरांनी एकदाच मोडला, तो मुलीसाठी.

मुलगी एकुलती एक, मालवणला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. शिवाय सोलापुरात बायकांचा दवाखाना होता आणि तिच्या सासरी गावातली एक म्हातारी सुईण. सातव्यात निघायला हवं होतं, कारण आठवा लागला की सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हत्या. घाटातली मोटार तिला सोसली नसती. म्हणून बोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडीनं सोलापूर असं ठरलं. मास्तरांनी पंधरा वर्षांचे जुने अहवाल आठवडाभर चाळले आणि जावयाला लिहिलं, कार्तिक वद्य पंचमीच्या बोटीत बसवा, त्या सुमारास समुद्र शांत असतो. मला हे सांगताना ते चक्क लाजले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. तृतीयेला पुण्याचा छापील नकाशा टपालानं आला. मलबारच्या पुढं अरबी समुद्रात मोठं वादळ उठलं होतं आणि त्याचं तोंड उत्तरेला होतं, म्हणजे कोकणच्या अंगाला. पण हा नकाशा नेहमीच आदल्या दिवसाचा असे. वादळ काल कुठं होतं हे मास्तरांना कळे, आज कुठं आहे हे नाही.

चतुर्थीला सकाळी पारा थोडा उतरला, म्हणजे हवेचा दाब घटला, वादळाची ती खूण. सोलापूर समुद्रापासून इतकं लांब, तरी उतरला. पुण्याचे आकडे देऊन झाल्यावर त्यांनी दुसरा कागद पुढं केला. मालवणसाठी तार होती. निघू नका, पत्राची वाट पाहा.

लाइन मोकळी होती. ऑफिसात सर्वांत जलद हात माझा, आणि त्याचा मला गर्वही होता. मास्तर पायऱ्या उतरून जाईपर्यंत तार गेलेली होती.

दुपारी ते पुन्हा आले. इतक्या उन्हात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. हातात त्या दिवशीच्या टपालाचा नकाशा. वादळ पश्चिमेला वळलं होतं, किनाऱ्यापासून दूर.

“सकाळची तार अजून गेली नसेल, तर थांबवता येईल का?”

गेली, असं मी सांगितलं. किती लवकर गेली तेही सांगितलं. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

मी त्यांना कोरा फॉर्म दिला. त्यांनी ‘निघा’ असं लिहिलं, त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिले आणि कागद फाडला. हा नकाशाही कालचाच, म्हणाले, आज ते कुठं असेल कुणाला ठाऊक. आणि एका दिवसात दोन उलटसुलट तारा गेल्या तर पोर घाबरेल.

दुसऱ्या दिवशीच्या नकाशात वादळ पुन्हा किनाऱ्याकडं फिरलेलं होतं. मास्तर खिडकीशी येऊन म्हणाले, बरं झालं तार गेली. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि वादळ आलं म्हणून आपण खूश झालो हे ध्यानात येताच ते ओशाळले. मग दोन दिवस वादळ जागचं हललं नाही. त्या दोन दिवसांत चाचासुद्धा सुताचं विचारायचं सोडून मला समुद्राचं विचारू लागला. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. शेवटी ते वादळ अरबस्तानाकडं निघून गेलं.

मास्तरांनी त्याच दिवशी ‘निघा’ अशी तार केली. उत्तर पत्रानं आलं. जावयानं लिहिलं होतं, की पंचमीची बोट सुखरूप गेली, शेजारची दोन माणसं तिच्यातूनच मुंबईला पोचली. आता आठवा लागला आहे, आई नको म्हणते, इथंच करू, काळजी नसावी. मास्तरांच्या पत्नीनं शिवलेली दुपटी घडी करून पार्सलानं मालवणला पाठवली.

पौषात एका सकाळी मालवणहून तार आली. माझीच पाळी होती. यंत्राची कटकट ऐकत मी एकेक अक्षर लिहून घेतलं. मुलगी गेली होती. मूल जगलं होतं, मुलगा.

तार वाटायचं काम शिपायाचं, पण मी स्वतः गेलो. आठ वाजायला तीनच मिनिटं होती. मास्तर पाऱ्यासमोर उभे होते. त्यांनी माझ्या हातातला लिफाफा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि हातानंच थांबा म्हणून खूण केली. पारा वाचला, परसात जाऊन पेटी उघडली, आकडे लिहिले, कागद माझ्या हाती दिला. मग लिफाफा घेतला. मी तो कागद ऑफिसात जाऊन पुण्याला पाठवला. एकही आकडा चुकलेला नव्हता. मला त्यांचा राग आला होता, आणि तो कशाचा हे मला अजून कळलेलं नाही.

महिन्याभरात त्यांनी दोन्ही कामं सोडली. नातू सांभाळायला दोघं मालवणला जाणार होती. निघण्याआधी ते खिडकीशी आले. मी एवढंच म्हणालो, की त्या दिवशी मी जरा हळू असायला हवा होतो.

“छे,” मास्तर म्हणाले. “तुमचं काम चोख होतं. माझंच चुकलं. मनात काही ठेवू नका.”

पुन्हा त्यांची भेट झाली नाही. त्यांचं पत्रही कधी आलं नाही, नातू मोठा झाला की नाही तेही कळलं नाही.

पुढं बरीच वर्षं मी त्याच खिडकीत काढली, अजूनही तिथंच आहे. कुणी तार दिली की मी ती वाचतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो, “पाठवू ना?” होय म्हटलं तरी थोडा थांबतो. माणूस पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत यंत्राला हात लावत नाही. हात म्हातारा झाला, असं नवी मंडळी म्हणतात. साहेबांनी दोनदा समज दिली आहे. तरी मी दाराकडं बघत थांबतो, कुणी परत येतंय का म्हणून.