कुंदाला सगळं ऐकू येत होतं

पारशिवनीच्या स्टँडवर एस.टी. लागली, तरी तुम्ही कुंदाचा हात सोडायला तयार नव्हता, जाऊबाई. "पोरीले इथंच राहू दे वं. शहरात कोण पाहीन तिले?" असं तुम्ही म्हणालात, आणि मी तोंड फिरवून पेटी टपावर चढली की नाही ते बघत राहिले. तुम्हाला मी तेव्हा निष्ठुर वाटले असेन. खरं म्हणजे तुमच्याकडे एकदा जरी पाहिलं असतं, तर मी गाडीत चढलेच नसते. पाच वर्षांची कुंदा मात्र खिडकीशी बसून डोळ्यांसमोर बोटं नाचवत होती. गाव सुटल्याचं तिला काही नव्हतं.

निघालो ते तिच्यासाठीच. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक इंग्रजी शब्द कागदावर लिहून दिला होता. तो पाठ व्हायला मला वर्ष लागलं. पण पुढचं लगेच समजलं: पोर वेडी नाही, तिला चार मुलांत बसवा, शाळेत घाला. गावच्या शाळेने तर हात टेकले होते. मग यांनी वावर भावाच्या हवाली केलं, नागपुरात एका लाकडाच्या वखारीत लिखापढीची नोकरी धरली आणि आम्ही दोन खोल्यांत येऊन पडलो.

दोन शाळांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या शाळेत मी अक्कल पाजळली. मोठ्या बाईंनी नाव विचारलं, कुंदाने मान वर केली नाही, तशी मी बोलून गेले, "हिला जरा कमी ऐकू येतं." बहिरेपण लोकांना कळतं हो. बाई विरघळल्या, नाव लिहिलं आणि कुंदाला पहिला बाक मिळाला. घरी येऊन मी शिरा केला.

आठ दिवसांत त्या शिऱ्याची चव गेली. वर्गाच्या बाई बिचाऱ्या चांगल्या. पोरीला ऐकू यावं म्हणून तिच्या कानाशी वाकून ओरडून शिकवायच्या. बघून मुलीही तसंच ओरडायला लागल्या. जिला भांडं पडल्याचा आवाज सोसत नाही, ती बाकाखाली जाऊन बसायला लागली. त्यात शाळेचा टोल. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर हातोडी बसली की कुंदा दोन्ही कान दाबून फाटकाकडे धावायची.

मला बोलावणं आलं. "बहिऱ्या मुलीला टोल एवढा झोंबतो होय?" मोठ्या बाईंनी विचारलं. नाव काढणार, पुन्हा दारोदार फिरणं आलं, हे मला दिसत होतं. तरी सगळं खरं सांगितलं, डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "खोटं बोललात, आणि त्याची शिक्षा पोरीने भोगली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, "महिनाभर बघू. ती पळाली नाही, तर राहील. तुम्ही व्हरांड्यात बसायचं."

ओरडणं त्याच दिवशी थांबलं. टोल कसा थांबणार? तो वाजवायची शिपाई तुळसाबाई. रोज मला व्हरांड्यात बसलेली पाहून तीच एकदा म्हणाली, "तिच्याच हातात दे ना वं हातोडी. सोता वाजवन त भेईन कायले?" पहिल्या दिवशी कुंदा जवळ फिरकली नाही. मग नुसता हात लावून पाहिला. आठवड्याने तिने एक टोला हाणला, थबकली, आणि लगेच दुसरा. सुट्टीचा टोल समजून सगळी शाळा अर्धा तास आधी सुटली आणि मी व्हरांड्यात हसत रडत होते. महिना संपला तेव्हा मोठ्या बाई मला एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही घरी बसा."

आता ती सतरा वर्षांची आहे. बोलते कमी, पण सातवी झाली. तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, घरी कधी परत येता. गाव सोडून आलेल्या इथल्या बायकांनाही हाच प्रश्न येतो. मला त्या पहिल्या वर्षाचा एक दिवस आठवतो. ताप आला म्हणून कुंदा घरीच होती. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या दोन मुली दारात उभ्या. "काकू, कुंदा काहून नाही आली?" मी स्टोव्हवरचं दूध विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. गावात जीव लावणारी माणसं होती, तुम्ही तर होताच. तरी लग्नाकार्यात कोणीतरी माझ्या कानाशी यायचंच, "हिले काहून आणलं वं?" ती आली नाही म्हणून कोणी शोधत आलं, असं जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

दिवाळीला आम्ही तिघं तुमच्याकडे येतो, जाऊबाई. चार दिवस राहू आणि मग घरी परत येऊ.