रायफलीच्या दोरीची गाठ

सौदीत जुबैलच्या आमच्या कामगार कॅम्पात चाचा स्टोअरकीपर आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे. जन्मात कधी बंदूक हातात धरली नाही, पण जुन्या लष्करी स्नायपर रायफली साफ करायचं अस्सल सामान जमवायचं त्यांना वेड आहे. तेलाच्या पितळी बाटल्या, ब्रश, नळीतून ओढायच्या दोऱ्या. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की ते कतीफचा जुना बाजार पालथा घालतात. बाटली नुसती नाकाशी धरतात आणि म्हणतात, "खलास, ही नक्कल." अस्सल माल लोखंडी पेटीत राहतो, पूर्वी फसून घेतलेल्या नकला बिस्किटांच्या डब्यात.

एकदा त्यांनी लोखंडी पेटीतली एक दोरी मला बघायला दिली. मी रिगिंगचा, म्हणजे दोरखंडांनी अवजड माल उचलायच्या कामाचा फोरमन, चुकीची गाठ दिसली की माझे हात शिवशिवतात. ते चहा आणेपर्यंत मी टोकाची गाठ सोडून चांगली पक्की मारून ठेवली.

चाचांनी दोरी उचलून गाठीवरून अंगठा फिरवला. "फोरमन, ती कुणा शिपायाच्या हातची गाठ होती हो," एवढंच म्हणाले. मग माझी गाठ सोडून त्यांनी जुनी गाठ जशीच्या तशी मारली. तोच उलटा वेढा, तेवढंच शेपूट, जुन्या मळकट खुणेवर बरोब्बर बसवलेलं. मी थक्क होऊन बघत होतो.

आणि ती दोरी त्यांनी बिस्किटांच्या डब्यात टाकली.

"अहो चाचा, आता कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय की," म्हणत त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला.