नेत्रावतीने हलवलेलं बटण

मोबाइलवर भलतंच बटण दाबलं गेलं, की तुम्ही शिव्या कोणाला घालता? स्वतःच्याच बोटाला ना? आमचे बंगळूरचे रिक्षावालेही तेच करायचे, नेत्रावती भेटेपर्यंत.

भाडी देणाऱ्या अ‍ॅप-कंपनीच्या जाचाला विटून आम्ही युनियनवाल्यांनी स्वतःचं अ‍ॅप काढलं. त्याची स्क्रीन आखली हासनच्या या पोरीने. दिसायला देखणी: पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, खाली उजव्या कोपऱ्यात भाड्यासाठी 'नको' आणि 'घेतो' ही जुळी बटणं. थोड्याच दिवसांत निम्मे जण कंपनीकडे परतायच्या बेतात आले. अ‍ॅप बुडालं असतं, तर युनियनही बुडाली असती.

भर दुपारी तिला यशवंतपूरच्या स्टँडवर बोलावून मी फैलावरच घेतलं. "ही काय लग्नाची पत्रिका आहे? उन्हात एक अक्षर तरी दिसतंय का?"

आपल्या रिक्षात बसलेल्या मुनियण्णाने बाय-टू, म्हणजे दोघांत एक, कॉफीतला आपला अर्धा पेला संपवला. "अक्का, मी 'घेतो' म्हणायला जातो आणि गिऱ्हाईक घालवून बसतो. बायको म्हणते, तुमचं घरीपण असंच!"

सगळे खिदळले. पोरगी म्हणाली, "अण्णा, जरा सरका," आणि त्याच्या जागी बसली. हँडल धरलं. उजवी मूठ रेसवर, ती सोडता येईना. डावा हात मोबाइलकडे नेला, तर बोट आधी 'नको'वरच पडलं.

"मी टेबलाशी बसून उजव्या अंगठ्याने तपासलं होतं. चुकलंच." सबब एकही नाही.

मग ती रोज आमच्या रिक्षांतून हिंडली. नवी स्क्रीन आली: काळ्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, डावीकडे तळहाताएवढं 'घेतो', 'नको' बारीक आणि पार वर. बाकी सगळी जागा मोकळी.

"आणि युनियनचा झेंडा?" मी तडकलो.

"लीडर, झेंडा मोर्चात. इथे नजर एकाच गोष्टीवर पडायला हवी."

माझ्याशी असं बोलायची कोणाची छाती नाही. पण झेंड्याचा हट्ट मी सोडला.

रविवारच्या सभेत अ‍ॅप ठेवायचं की मोडायचं, यावर मतदान झालं. ठेवायच्या बाजूने मुनियण्णाने दोन्ही हात वर केले. पाठोपाठ सगळा स्टँड.

युनियन टिकली. भाषणं माझी होती, पण टिकवली त्या पोरीने. हे मी चारचौघांत मान वर करून सांगतो.

तुम्हीही अशा स्क्रीन आखत असाल, तर एवढं करा: भर उन्हात आमच्या स्टँडवर या, आधी हँडल धरून बसा, मग आखा.