आईंचं बीपी

समीरला हे ठाऊक नाही. माझ्या आईला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हालाही मी चांगलीच वाटले असते. लोकांना मी चांगली वाटते — मीनल म्हणजे शांत, मीनल म्हणजे समजूतदार.

सासूबाई मला आवडत नव्हत्या. छळत होत्या म्हणून नव्हे. छळल्या असत्या तर बरं झालं असतं, चार मैत्रिणींत बसून मन तरी मोकळं करता आलं असतं. त्या आनंदी होत्या. आनंदी माणसाचा राग येऊ शकतो, हे पटतं तुम्हाला? मला यायचा. सकाळी त्या स्वयंपाकघरात गुणगुणायला लागल्या की मी दात आवळून भांडी घासायची.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही वेलिंग्टनच्या उत्तरेला, पोरिरुआत राहत होतो. समीर सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्याची बी.फार्म., पण इथली परीक्षा दोनदा नापास झालेली, म्हणून एका औषधांच्या दुकानात मदतनीस. आई — सासूबाईंना मी आईच म्हणायची — सहा महिन्यांसाठी आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, सांगलीला कृष्णेत पोहत वाढलेल्या, पुण्यात रोज सकाळी पोहण्याच्या टँकवर बायकांच्या बॅचला जाणाऱ्या. इंग्रजी मोडकंतोडकं. तरी दोन महिन्यांत कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यापासून शेजारच्या माओरी आजींपर्यंत सगळे त्यांना लांबून हात करायला लागले. त्याच रस्त्याने मी चार वर्षं जात होते. माझं नाव कुणाला माहीत होतं?

एकदा जेवायला पाहुणे होते. आई म्हणाल्या, "आमच्या मीनलला दोनदा नापास केलं हो इथल्या लोकांनी. एवढी हुशार मुलगी!" कौतुकानेच म्हणाल्या. पाहुणे हळहळले. मी वाढत होते, वाढत राहिले.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं वाटत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

समीरला ऑफिसच्या कामासाठी लॉस एंजेलिसला जायचं होतं. तिथून मेक्सिको जवळ, आठवडाभर समुद्रावर राहून येऊ, असं त्याने ठरवलं. आपण दोघंच, असं मला वाटलं होतं. व्हिसाचे फॉर्म तीन आले.

गाव छोटं होतं, निवांत. दुपारी सगळं गाव पेंगायचं, कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपायची. सकाळ-संध्याकाळ मात्र सगळे पाण्यात — कुणी लाटांवर फळी घेऊन, कुणी कयाकमध्ये, कुणी मोटरबोटीमागे दोरीला बांधलेल्या छत्रीतून आभाळात. आईंना तिथे माहेरी आल्यासारखं झालं. कापलेल्या आंब्यावर तिखट-मीठ भुरभुरून विकणाऱ्या बाईशी पहिल्याच दिवशी मैत्री. "अगं, हिला आपल्याच आळीतली म्हणून खपवता येईल!" पोरिरुआत घेतलेले टॉग्ज, म्हणजे तिकडचे पोहण्याचे कपडे, घालून त्या पाण्यात शिरल्या तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. समीर मोठ्याने हसला. लग्नानंतर पाच वर्षांत तो माझ्यासोबत तसा कधी हसला होता? मी वाळूवर बसून टॉवेल सांभाळत होते.

तिसऱ्या दिवशी आईंनी जाहीर केलं, "मला त्या छत्रीतून उडायचंय." समीरने लगेच दोघांचं बुकिंग केलं, त्याचं आणि त्यांचं. मी बुकिंगमध्ये नव्हते. उंचीची मला भीती वाटते, हे त्याला माहीत होतं. पण विचारायचं तरी?

छत्रीवाल्यांच्या कागदावर साठीच्या पुढच्या माणसाचं हृदय, रक्तदाब ठीक आहे का, असा रकाना होता. समीर म्हणाला, "मीनल, तू मशीन आणलंयस ना? आईचं बीपी बघ एकदा. म्हणजे मी बिनधास्त सही करतो."

खोलीच्या व्हरांड्यात मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांचा हात अजून ओला होता. आकडे माझ्या बाजूला होते. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. माझ्यापेक्षा चांगलं बीपी.

मी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "एकशे पासष्ट. खालचं शंभर."

एवढं सोपं होतं ते. जीभ अडखळली नाही, कान गरम झाले नाहीत.

आईंचा चेहरा — नाही, तो सांगते. टाळणार नाही. त्या आधी हसल्या, मी थट्टा करते आहे असं वाटून. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू उतरत गेलं. "मला तर काहीच होत नाही गं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "तसंच असतं आई. कळत नाही." समीर डॉक्टर शोधायला निघाला. त्यालाही मीच थांबवलं — ऊन आहे, प्रवासाचा शीण आहे, आराम केला की उतरेल, मी लक्ष ठेवते.

पैसे भरून झाले होते. समीरबरोबर मी गेले. उंचीला भिणारी मी, वर गेले! खाली वाळूवर आई टोपी घालून बसल्या होत्या, आम्हाला हात करत होत्या. मला भीती वाटली नाही. मला फार छान वाटलं.

इथेच थांबले असते तर एका दुष्ट दुपारची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती.

पोरिरुआला परतल्यावर समीरच्या सांगण्यावरून मी रोज त्यांचं बीपी मोजायला लागले. रोज एक खोटा आकडा. तो हळूहळू खाली आणत नेला, कारण त्यांना वेळेवर पुण्याला पाठवायचं होतं. त्यांनी मीठ सोडलं. लोणचं सोडलं. पुण्यात गेल्यावर टँक सोडला. फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, बीपी नॉर्मल आहे. मी त्यांना सांगितलं, ही सगळी माझ्या सुनेची शिस्त."

तेव्हा बोलता आलं असतं. मशीन बिघडलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "असंच सांभाळा."

दोन वर्षांनी मला दिवस गेले. बाळंतपणाला यायचं म्हणून आईंनी बॅग भरायला घेतली होती. समीर खूश होता. मी त्याला समोर बसवून सांगितलं की बीपीच्या माणसाला एवढा लांबचा विमानप्रवास बरा नाही, मागच्या वेळी निभावलं, वाटेत स्ट्रोक आला तर काय करशील? तोवर परीक्षा पास होऊन मी रीतसर फार्मासिस्ट झाले होते. माझ्या बोलण्याला वजन होतं. समीरने रडत फोन केला. पलीकडून आईच त्याची समजूत घालत होत्या. मग म्हणाल्या, "मीनलला दे." मला म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मला माझी काळजी नाही हो."

माझी आई आली बाळंतपणाला. सासूबाईंनी इराला कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं, तेही चित्र अडकत-अडकत यायचं. मला बरं वाटलं का? हो. पहिले काही महिने तर फारच. मग कमी कमी होत गेलं.

इरा दीड वर्षाची असताना आई न्यूमोनियाने गेल्या. त्याचा बीपीशी काही संबंध नव्हता. आम्ही पोचेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते. तेराव्याला टँकच्या बॅचमधल्या एक बाई आल्या, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्हीच ना मीनल? कुमुदताई सगळ्यांना सांगायच्या, सुनेने वेळेवर ओळखलं म्हणून मी वाचले." समीर शेजारी उभा होता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.

इरा आता शाळेत जाते. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. परवा जेवताना तिने विचारलं, "हाउ कम आजी नेव्हर केम टू सी मी? डिडन्ट शी वॉन्ट टू?"

समीर म्हणाला, "फार यायचं होतं गं तिला. पण तिला बीपी होतं. मम्माला विचार, तिला माहितेय सगळं."

इरा माझ्याकडे वळली.

मी म्हणाले, "हो. होतं."