‘टू’च्या रकान्यातले वाचक

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये फळ्यावर एक्सेलचा फॉर्म्युला लिहीत होतो.

"अहो सर, मेलवर मेल येतायत. थांबतच नाहीयेत."

"कसले मेल?"

"आपल्या वाचकांचे. जो तो लिहितोय, मला यातून काढा. मी काय केलं?"

मुलांना सराव करायला सांगून मी माझ्या टेबलावर मेल उघडला. डॉक्टरांनी सकाळी पाठवलेला मेल मलाही आला होता. वर ‘टू’च्या रकान्यात पत्तेच पत्ते. खाली सरकवत गेलो तरी संपेनात.

शहापूरला एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. जोडीला वेबसाइट बनवून द्यायचो. डॉ. निमसे जनावरांचे सरकारी डॉक्टर. आधी शहापूर तालुक्यात होते, मग मुरबाडला बदली झाली. मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे, आणि म्हैस तपासून झाली की पिशवीतून कॅमेरा काढायचे. वैशाखऱ्याच्या पुढचा घाट, तानशाच्या जंगलातल्या पायवाटा, कोणाच्या ओटीवर जेवलेली तांदळाची भाकरी, असं सगळं लिहायचे. ब्लॉगचं वारं तेव्हा नवीन होतं. त्यांचा ब्लॉग मी उभा करून दिला.

वाचक बहुतेक इकडून नोकरीसाठी बाहेर गेलेले. एकाने आखातातून लिहिलं होतं, आमच्या नदीचा फोटो बघत बसलो आणि ड्युटीला उशीर झाला. डॉक्टरांनी तो मेल दवाखान्यात कंपाउंडरला वाचून दाखवला होता.

ब्लॉगच्या कडेला एक चौकट होती. ‘तुमचा ई-मेल द्या, नवा लेख आला की कळवू. तुमचा पत्ता कोणालाही दिसणार नाही.’ हे वाक्य मी घातलं होतं. खरं तर दुसऱ्या एका साइटवरून उचललं होतं. सगळेच घालतात, म्हणून.

मेल पाठवताना पत्त्यासाठी तीन रकाने असतात. टू आणि सीसीमध्ये लिहिलेले पत्ते मेल मिळणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. तिसरा बीसीसी. त्यात लिहिलं तर कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही. वाचकांना मेल दर वेळी मी पाठवायचो, बीसीसीमधून. त्या आठवड्यात क्लासच्या परीक्षा होत्या. डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा मी घाईत सांगितलं, "वाचक नावाचा ग्रुप करून ठेवलाय. तो निवडा आणि सेंड करा." कुठल्या रकान्यात निवडा, ते सांगितलं नाही. त्यांनी पहिला रकाना धरला.

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. एवढं मी त्यांना सांगत होतो, तोवर त्यांनी घाबरून दुसरा मेल पाठवला होता. ‘क्षमस्व, कृपया कोणी उत्तर देऊ नये.’ पुन्हा टूमधून, पुन्हा सगळ्यांना.

मला वाटलं, चार दिवस लोक चिडतील आणि विसरतील. मग जनार्दन नावाच्या वाचकाचा मेल आला. तोही सगळ्यांना.

‘यात रंजना नावाचा एक पत्ता आहे. ही आमची रंजना आहे काय? पत्त्यात जी कंपनी आहे ती कुठे आली?’

मी तो पत्ता शोधला. पुढे रंजना, मग आडनाव, मग कंपनीचं नाव. ऑफिसचा मेल होता. डॉक्टरांना फोन लावला.

"हा जनार्दन कोण?"

डॉक्टर म्हणाले, "सापगावचा. त्यांच्या म्हशी मी बघायचो. रंजना त्याची बहीण. मुरबाडकडच्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं तिनं. घरच्यांना मान्य नव्हतं, तेव्हापासून ती कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. आपला ब्लॉग वाचते, हे मलाही माहीत नव्हतं."

"पत्त्यातलं आडनाव त्या मुलाचंच का?"

"हो."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एका सज्जन वाचकाने उत्तर दिलं. ‘ही कंपनी पुण्यात आहे. स्टेशनवरून बस मिळते, बरोबर गेटसमोर उतरवते.’ आमचे वाचक प्रवासाची माहिती द्यायला नेहमीच तत्पर असत.

मी रंजनाताईंना वेगळा मेल लिहिला. काय लिहावं कळेना. चूक आमची आहे, सावध राहा, एवढंच लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘पाहिलं. मिस्टर घ्यायला येतायत.’

दुपारी डॉक्टर मुरबाडहून आले आणि आम्ही दोघं सापगावला गेलो. जनार्दन पडवीत बसला होता. त्याने उठून खुर्च्या दिल्या. डॉक्टरांना त्या घरात मान होता. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"जनार्दन, पुण्याला जाऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

"का नाय जायचं? आमी काय तिला खानार हाय? नुसतं विचारायचंय, असं का केलंस."

"तिची इच्छा असती तर तिनं पत्ता कळवला असता."

"तिनं नाय कळवला. तुमी कळवलात. आता तुमीच सांगताय जाऊ नको?"

मी चपलांकडे बघत बसलो.

त्याची आई दारात येऊन उभी राहिली होती. "डॉक्टर, काय लिवायची ती तुमाला?"

"काही नाही, काकी. नुसतं वाचायची."

"काय वाचायची?"

"इकडचंच. मी गावांविषयी लिहितो ते."

"आपल्या गावाचं पन?"

"हो."

ती आत निघून गेली. चहा आला, पण तो जनार्दनच्या बायकोने आणला.

जनार्दन गेलाच. बरोबर दोन चुलते घेऊन गेला. रंजनाताई त्या दिवशी कामावर नव्हत्या. गेटवर वॉचमनशी बाचाबाची झाली, चुलत्यांनी जावयाची जात काढून शिव्या दिल्या, आणि आत बसलेल्या सगळ्या ऑफिसने ते ऐकलं. हाती काही न लागता तिघं परत आले.

काही दिवसांनी क्लासच्या फोनवर एका बाईंचा आवाज आला.

"मी रंजना बोलतेय. नोकरी सोडली. आम्ही दुसरीकडे जातोय. कुठे ते विचारू नका."

"नाही विचारत. ताई, आमची फार मोठी चूक झाली."

"माझा पत्ता तुमच्याकडून काढला का?"

"तुमचाच नाही, सगळेच काढले. तो ग्रुपच डिलीट केला."

"आणि ज्यांना मेल गेला, त्यांच्याकडचा?"

ते माझ्या हातात नव्हतं. सतरा कोर्स शिकवणारा माणूस मी, त्यांना एका शब्दानेही धीर देऊ शकलो नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बरं, ठेवते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर क्लासमध्ये ई-मेलचा धडा आला की बीसीसीवर मी एक पूर्ण तास घेऊ लागलो. मुलं कंटाळायची. का घेतो, ते मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. लोकांची माहिती सांभाळायची कशी, हा प्रश्न नंतरचा. ती घ्यायलाच हवी होती का, हे आधी विचारावं. नव्या लेखाची वर्दी द्यायला मी माणसांचे पत्ते गोळा केले होते. ज्याला वाचायचं होतं, तो ब्लॉग उघडून बघणारच होता.

डॉक्टरांनी दोन महिने काही लिहिलं नाही. मग हळूहळू पुन्हा लिहू लागले. ती चौकट मी काढून टाकली. कोणत्या शहरातून किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर होता, तोही काढला. डॉक्टरांनी एकदा दबकत विचारलं, "सर, रंजना अजून वाचत असेल का हो?"

मी म्हटलं, "ते आता आपल्याला कळणार नाही."

"बरं आहे," डॉक्टर म्हणाले.