अमरावतीची खदखदणारी बाटली

मी सांगते आणि नातसून मोबाइलवर टाइप करते. मला अक्षरं येत नाहीत, भांडता मात्र येतं. अकोल्याहून अमरावतीला निघाले तेही भांडायलाच. माझी नात पल्लवी तिथं सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी तळहाताएवढी, काचेच्या पेटीत. फोनवर कळलं, नाकाला नुसत्या नळ्या लावल्यात. गेल्या साली दिराचा नातूही असाच लवकर जन्मला, त्याला अकोल्यात घशात नळी घालून मोठं मशीन लावलं होतं. तो आता घरभर भांडी आपटतो. मग आमच्याच पोरीला मशीन का नाही?

सकाळची एसटी घ्या, ऊन चढायच्या आत पोहोचता. माझ्या वयाला तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं हाताशी ठेवा. मूर्तिजापूरला चहा प्या, भजी नको. तेल माझ्याच वयाचं होतं. शेजारचीनं विचारलं, "आजी, देवदर्शनाले चालल्या काय?"

"नाई वं बाई, डॉक्टरले झापाले."

दवाखान्यात कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन चढवला. पोरीच्या नाकातल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, अन् पाणी खदखदत होतं.

"काहून हो डॉक्टरीणबाई, अकोल्यात मशीन अन् इथं बाटली?"

"आजी, ही स्वतः श्वास घेते. फुप्फुसं मिटू नयेत एवढा हवेचा दाब आम्ही देतो. थकली तर मशीन लावूच. अन् खरं सांगू, प्रत्येक दवाखान्याची रीतही थोडी वेगळी असते."

"म्हंजे घरोघरी रस्सा वेगळा."

"हो. त्यावरून आम्ही डॉक्टरही भांडतो."

आता भांडायचं कोणाशी? बाहेर येऊन दह्यात भिजलेला गिला वडा खाल्ला. तो मात्र अमरावतीतच खावा.

बुडबुडे चालू म्हणजे दाब बरोबर, असं सिस्टर म्हणाली. मग रोज भेटीच्या वेळी मी बाटलीपाशीच. पल्लवी म्हणे, "आजी, पोरीकडे पाह्य ना, बाटलीकडे काय पाहून राहिली?"

एका सकाळी आत गेले तर बाटली गप्प.

"सिस्टर, बाटली काहून बंद पडली?"

"हळू बोला आजी. बंद नाही पडली, आमीच काढली. आता ती आपल्या दमावर आहे."

पेटीशी वाकले. इवलीशी छाती वरखाली होत होती. आवाज काहीच नाही.

आता मी अकोल्यात, माय-लेकी अजून तिथंच; वजन वाढलं की येतील. अमरावतीचं चांगलं बोलावं लागतंय, हे दिराला रुचलेलं नाही. गॅसवर वरण खदखदलं की मी अजून थबकते. पल्लवीचा फोन आला की म्हणते, "पोरीजवळ धर, अन् तू बोलू नको."

काही ऐकू येत नाही. तेच ऐकत बसते.