चाचणी झाल्याशिवाय झाकण नाही

माझ्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल, आणि सावधपणापायी इतका घोळ घालणाराही. जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेल्यामुळे, आपलं लक्ष जरा ढळलं की कुठेतरी दोन गाड्या समोरासमोर येणार अशी त्यांची खात्रीच आहे. तात्यापारा भागातल्या घरात मेन स्विच बंद करायचा झाला तरी ते आधी मामींकडून एक आकडा मागून घेतात, कारण स्टेशनमास्तरकडून असा परवानगीचा आकडा घेतल्याशिवाय सिग्नलवाला कामाला हात लावत नाही. मामी पोळ्या लाटता लाटता तोंडाला येईल तो आकडा ठोकून देतात. एकदा त्या रागावून गप्प बसल्या, तर मामा संध्याकाळपर्यंत बिघडलेल्या पंख्याखाली पेचकस घेऊन घामाघूम बसून राहिले.

हेच मामा यंदा गेम कन्सोलच्या नादी लागले. कन्सोल त्यांच्या मुलीच्या शाळेच्या दिवसांतलं. ती आता जपानात नोकरी करते, आणि तिथून तिनं बापाची आवड ओळखून रेल्वेगाडी चालवायच्या गेमची जुनी डिस्क पाठवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना सिग्नल दिलेला हा माणूस हरखून गेला. पण जपानची डिस्क आपल्याकडचं कन्सोल घेईना. त्यासाठी आत नखाएवढी चिप बसवावी लागते असं कळलं, तेव्हा मामांनी ती मागवली आणि बसवायच्या आधीच मुलीला फोनवर सांगून टाकलं, "गाडी मस्त चालून राहिली. तू दिवाळीले ये, दोघं मिळून चालवू." मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येणार होती. तोवर गाडी चालली नाही तर बाप खोटा पडणार होता, आणि मामांना आयुष्यात खोटं पडायची सवय नव्हती.

चिप बसली. केसाएवढ्या तारांना मामांनी भिंगातून बघून सोल्डरिंगचे डाग दिले, प्रत्येक तार ओढून पाहिली, तिला चिठ्ठी बांधली. पण टीव्हीवर नुसता मेनू येई, डिस्क जागची हलत नसे. मग मामांनी सगळे डाग काढून पुन्हा दिले. चिप बदलली, डिस्क वाचणारं आतलं भिंग पुसलं, मोटरवर संशय घेतला. शेवटी दोष जमिनीत आहे असं ठरवून तुळशीमागे खड्डा खणून मीठ-कोळशाचं अर्थिंगही केलं. तुळस सुकली, डिस्क फिरली नाही. उरल्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ त्या उघड्या यंत्रात बसते म्हणून मामी झाकण लावायला धावत, आणि मामा ते हिसकावून कपाटावर ठेवत. निदान धुळीपुरतं तरी लावा, असं मीही सुचवून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, टेस्टिंग पास झाल्याबिगर झाकण लावलं, तर गाडी कोणाच्या भरवशावर सोडाची?"

दिवाळीला मुलगी आली. मामांनी तिला आधी दोन दिवस नातेवाइकांकडे फिरवलं, मग वीज नाही म्हणाले, शेवटी मान खाली घालून तिला त्या यंत्रापुढे नेलं आणि खरं काय ते सांगितलं. तिनं वाकून पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. "बाबा, ढक्कन कहाँ है? खुला रहे तो डिस्क घूमती ही नहीं." कपाटावरचं झाकण काढून तिनं ते बसवून दाबलं. आतली एक बारीक कळ दबली, डिस्क फिरली आणि पडद्यावर स्टेशन आलं. मामी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मुलीनं गाडी चालवायला घेतली आणि मामा तिच्या खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक सिग्नलला मोठ्यानं "हिरवा" म्हणू लागले. तो चेहरा पाहून मलाही फार बरं वाटलं.

परवा शंकर नगरातलं ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे डोकावलो. मुलगी केव्हाच परत गेली होती. कन्सोल पुसूनपासून जागेवर होतं, पण झाकण पुन्हा कपाटावर. मी म्हटलं, मामा, चिप तर पास झाली, आता झाकण काहून काढलं? ते चष्मा पुसत राहिले.

"हव, चिप पास झाली," ते म्हणाले. "पण झाकण पोट्टीनं लावलं होतं ना. ते आता पोट्टीच येऊन लावंन."